नंदादीपाचा पंप

मी हळू बोलते. त्यामुळे पुष्कळांचा असा समज होतो, की मी ऐकतेसुद्धा. डोळ्यांच्या डॉक्टरांचा झाला, आमच्या इमारतीच्या सेक्रेटरींचा झाला, अग्निशमन कार्यालयातल्या साहेबांचा झाला, आणि इतकी वर्षं एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून जेवत असूनही आमच्या ह्यांचा झाला. एकेकाचा तो समज कसा दूर झाला ते सांगते. कुणाची निंदा करायची नाही हा माझा रोजचा नेम आहे, तेव्हा जे घडलं तेवढंच सांगेन. आता घडलेलंच निंदेसारखं ऐकू आलं, तर त्याला माझा इलाज नाही.

डॉक्टर म्हणाले, "डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून टाकू. पण ऑपरेशननंतर काही दिवस वाकायचं नाही, धुराजवळ जायचं नाही, आचेजवळ जायचं नाही."

मी विचारलं, "मग दिव्यात तेल कसं घालू?"

"कुणालातरी सांगा की."

हा 'कुणीतरी' नावाचा गृहस्थ सगळ्यांच्या घरी असतो असं डॉक्टरांना वाटतं. आमच्याकडे तो राहत नाही. आमच्याकडे हे राहतात.

दिवा म्हणजे आमचा नंदादीप. देवघराच्या खालच्या कोनाड्यात, पितळेचा, ओंजळीत मावेल एवढा. सासूबाईंनी तो माझ्या ताब्यात दिला तेव्हा तेवत होता, आणि तेव्हापासून तेवतो आहे. जीव लहान असल्यामुळे त्याला थोडं थोडं तेल सारखं लागतं. एकदम ओतलं तर वात बुडते, विसरलं तर वात जळते. तान्ह्या मुलाचं असतं तसंच, फक्त हे मूल कधी मोठं होत नाही. माझे नेम तसे बरेच आहेत. सकाळी उठल्यापासून पूजा संपेपर्यंत मौन, खोटं बोलायचं नाही, निंदा करायची नाही, आणि दिवा विझू द्यायचा नाही. पहिले तीन अधूनमधून माझी परीक्षा पाहतात. चौथ्याला मी ती पाहूच देत नाही.

"मी घालीन की तेल," हे म्हणाले.

ह्यांच्या मनात खोट नव्हती. पण हे एका मोठ्या कचेरीच्या दप्तरखान्यातून निवृत्त झाले आहेत. तिथे सगळ्या फायली एका रेषेत, सगळ्या नाड्या एका बाजूला, आणि वरून आलेल्या परिपत्रकाबाहेर श्वाससुद्धा नाही, अशी ह्यांची ख्याती होती. जे समोर आखून दिलेलं आहे ते हे चोख करतात. जे आपण होऊन आठवायचं असतं, तिथे प्रश्न येतो. दूध उतू जात असताना त्याच्यासमोर उभं राहून, मग आतल्या खोलीत येऊन, "अगं, दूध उतू जातंय," असं मला शांतपणे कळवणारा माणूस आहे. त्यांच्या हातात मी ज्योत कशी देऊ?

समोरच्या दारातल्या ताई म्हणाल्या, "अहो, विझला तर विझला! पुन्हा लावायचा. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"देव काही रागावत नाही हो एवढ्याशासाठी."

"देव क्षमा करील, ताई. मी नाही करणार."

इथे ताईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग स्वभावाप्रमाणे लगेच उपाय सुचवला. ताईंकडे प्रत्येक अडचणीवर उपाय असतो आणि प्रत्येक उपायातून एक नवी अडचण निघते, त्यामुळे त्यांचा दिवस कसा भरलेला असतो. त्या म्हणाल्या, "माझ्या पोपटाच्या पिंजऱ्यात बघा, पाण्याची बाटली उपडी लावलीय. वाटीतलं पाणी संपलं की आपोआप तेवढंच खाली उतरतं. तशीच तेलाची लावा. बिनखर्ची."

तेलाची बाटली उपडी लावली. संध्याकाळपर्यंत ती पोपटाच्या बाटलीइतकीच गुणी वागली. पण पोपट काही जळत नसतो. दिव्याच्या उबेने बाटलीतली हवा तापली, हवेला जागा पुरेना, आणि तिने सगळं तेल बाहेर ढकललं. मी स्वयंपाकघरात होते. धावत येऊन मी वात उचलून धरली, दिवा वाचवला, पण तेल उंबरा ओलांडून, जिना शोधत निघालं होतं. खालून सेक्रेटरी वर येत होते. त्यांची आणि तेलाची गाठ पडली. वयाच्या मानाने सेक्रेटरी फार सफाईने चार पायऱ्या खाली गेले. लागलं काही नाही. मी खोटं बोलत नाही, त्यामुळे "फार वाईट वाटलं" असं मी त्यांना म्हणाले नाही. "तेल होतं," एवढंच म्हणाले.

मग ताईंनी दवाखान्यातली सलाइनची नळी आणून दिली, थेंब थेंब पडणारी. दुपारच्या उन्हात तेल पातळ व्हायचं, तेव्हा थेंबांची धार लागायची. पहाटेच्या गारठ्यात तेल घट्ट व्हायचं, तेव्हा थेंब नळीच्या तोंडाशी येऊन विचारात पडायचा. चाक फिरव, बघ, पुन्हा फिरव. दिव्याला तेल घालण्यापेक्षा नळीची मनधरणी करणं जास्त कष्टाचं झालं.

"बल्ब लाव," हे म्हणाले. "मिळतात हल्ली ज्योतीसारखे लुकलुकणारे."

मी ह्यांचं पान मांडलं. ताटात वाढलं. त्यात मीठ घातलं नव्हतं. बल्बचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही.

अशा वेळी आले भावजी, ह्यांचे धाकटे भाऊ. दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करण्याचा त्यांचा व्यवसाय. ते कुठलीही गोष्ट सांगायला लागले की आधी बाह्या वर करतात, मग ऐकणाऱ्याची सुटका नसते.

"वहिनी, तुमची अडचण म्हणजे तेल मोजून पुढे सरकवायचं, बरोबर? मग पेरिस्टाल्टिक पंप. दुसरं औषधच नाही!"

"ते काय असतं?"

"ते तुमच्या गळ्यात असतं."

मी मंगळसूत्राला हात लावला. भावजी म्हणाले, "तसं नाही हो! गिळता ना तुम्ही? घास घशातून खाली कसा जातो? पडतो म्हणून? छे! अन्ननलिका त्याला मागून आवळते आणि पुढे ढकलते. आवळ, ढकल, आवळ, ढकल. आतड्यांतही तेच. त्याचीच नक्कल. एक मऊ नळी घ्यायची, अर्ध्या गोलात वाकवायची, आणि तिच्यावरून रूळ फिरवायचे. रूळ नळी चेपत पुढे जातो, त्याच्यापुढचं तेल पुढे सरकतं, मागे नळी फुगते आणि नवं तेल ओढून घेते. पहिला रूळ उठायच्या आत दुसरा चेपून बसलेला असतो, म्हणून आपोआप एक थेंब पुढे नाही की मागे नाही. तेल घट्ट असो, पातळ असो, रूळ फिरेल तेवढंच जाणार."

"आणि तेलाला यंत्र लागतं कुठे?" मी विचारलं. देवाच्या तेलात कुठल्याशा चाकांचं वंगण मिसळायला माझी तयारी नव्हती.

"लागतच नाही! तीच तर खुबी. तेल नळीच्या आत, यंत्र नळीच्या बाहेर. दोघांची भेटच नाही. म्हणून तर मूत्रपिंडाच्या रुग्णाचं रक्त ह्याच पंपातून फिरवतात. हृदयाचं ऑपरेशन चाललं असताना रक्त हाच फिरवतो. पाण्याच्या टाकीत औषध सोडायला हा, छपाईच्या शाईला हा, सरबताच्या यंत्रात हा, आणि गटाराचा गाळ उपसायलाही हाच."

रक्त, सरबत आणि गटार ही तिन्ही नावं एका दमात ऐकून मला जरा अवघडल्यासारखं झालं. पण तेलाला कुणाचा स्पर्श नाही, हे मनात भरलं. एवढं सोवळं यंत्र मी ऐकलं नव्हतं.

ह्यांनी मात्र शंका काढली. "घास वजनाने खाली जातो रे. आवळण्याचा काय संबंध?"

"दादा, डोकं खाली पाय वर करूनही पाणी पोटातच जातं."

"कसं शक्य आहे?"

भावजींना असं विचारायचं नसतं. त्यांनी खिशातल्या किल्ल्या काढून मेजावर ठेवल्या आणि बैठकीच्या भिंतीला पाय लावून शीर्षासन केलं. "वहिनी, पेला! त्यात नळी घाला! आता बघा हं दादा, गळ्याकडे बघा!" हे गुडघ्यांवर बसून भावाच्या गळ्याकडे बघू लागले. मी पेला धरला. भावजी उलटे लटकून पाणी पीत होते, त्यांचा चेहरा जांभळ्याकडे झुकत होता, आणि पाणी खरोखर वर, म्हणजे पोटात, जात होतं.

नेमके त्या क्षणी उघड्या दारातून सेक्रेटरी आत आले. हातात समितीची नोटीस होती.

त्यांनी आम्हा तिघांकडे पाहिलं. "आजारी आहेत का?"

"नाही," मी म्हणाले. "गिळताहेत."

नोटिशीत होतं, की जिन्यावरच्या तेलाचा अनुभव पाहता कोणत्याही सभासदाने उघड्या ज्योतीला स्वयंचलित साधनाने इंधन पुरवायचं झाल्यास अग्निशमन कार्यालयाची परवानगी आणावी, अन्यथा ज्योत बंद करावी. 'ज्योत बंद करावी'! जणू नळच तो. ह्यांनी नोटीस दोन्ही हातांत घेऊन वाचली, मान डोलावली, आणि "नियम आहे गं," असं पुन्हा पुन्हा म्हणू लागले. कागदावर शिक्का असला की ह्यांचा आवाज बदलतो.

"असू दे नियम," मी म्हणाले. "दिवाही असू दे."

भावजींनी पंप आणला. मुठीएवढा, पारदर्शक झाकणाचा, आत नाचणारे तीन रूळ. दुसऱ्या दिवशीपासून आमचं देवघर म्हणजे कारखाना झाला. पहिली नळी रबरी होती, ती तेलात सुजली. सुजून रुळांमध्ये अडकली आणि पंप असा कण्हू लागला, की ताई धावत आल्या आणि कुणाचं पोट दुखतंय म्हणून विचारू लागल्या. दुसरी नळी तेलाला सोसणारी होती, पण भावजी तिला दोन्हीकडून चिमटे लावायला विसरले. रूळ फिरले की नळीही थोडी थोडी सरकते, हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. पंपाने अख्खी नळीच हळूहळू गिळायला सुरुवात केली. तिचं टोक दिव्यातून निघालं, कोनाड्यातून बाहेर आलं, आणि खाली ठेवलेल्या ह्यांच्या फिरायला जायच्या बुटात मोठ्या निष्ठेने थेंब थेंब तेल सोडत राहिलं. संध्याकाळी ह्यांनी बुटात पाय घातला. निंदा न करण्याचा माझा नेम आहे, तसा ह्यांचा नाही.

पण चिमटे लागले आणि पंप मार्गी लागला. खांद्याइतक्या उंचीवर फळी ठोकली, तिच्यावर तेलाची बाटली, बाजूला पंप, आणि तिथून नळी खाली कोनाड्यात. नळीत मधूनच एखादा बुडबुडा यायचा आणि सावकाश खाली उतरायचा, तेव्हा तेल चाललंय हे दिसायचं. एका रुळामागून दुसरा रूळ आला की ज्योत किंचित मान हलवायची. मला ते आवडू लागलं. वाटायचं, होकार देतेय.

राहिली परवानगी. अग्निशमन कार्यालयात मी गेले, हेही आले. तिथले साहेब भले होते, पण त्यांच्यासमोरच्या अर्जात माझ्यासाठी जागा नव्हती.

"प्रयोजन काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"दिवा तेवत ठेवणे."

"म्हणजे आग चालू ठेवण्यासाठी परवानगी?" त्यांनी लेखणी खाली ठेवली. "बाई, हे खातं आग विझवण्याचं आहे. विझवायची परवानगी मागा, आत्ता देतो."

"विझवायची नाही मला."

"मग असं करू. घरातला पंप म्हणजे आगीसाठीचा पंप, असं एक सदर आहे. त्यात बसवतो. फक्त लाल रंग द्या आणि खाली सही करा, की ह्या पंपाने आग विझते."

"पण विझत नाही."

"कागदोपत्री हो!"

"मी खोटं लिहीत नाही."

"करून टाक गं सही," हे कुजबुजले. "साहेब स्वतः सांगताहेत."

मी पदर खांद्यावर सारखा केला आणि म्हणाले, "साहेब, तुमच्या अर्जात दिवा मावत नसेल तर अर्ज मोठा करा. दिवा लहान होणार नाही."

मी हे इतक्या हळू बोलले, की साहेबांना पुढे वाकून ऐकावं लागलं, आणि ऐकून झाल्यावर ते बराच वेळ तसेच वाकलेले राहिले. शेवटी म्हणाले, "मी समक्ष येऊन बघतो. तेव्हा ठरवू." तारीख पडली ती नेमकी माझ्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसाची, सकाळची. मी ती बदलून मागितली नाही. म्हटलं, येऊ दे. आंधळी असेन अर्धी, दुबळी नाही.

ऑपरेशन छान झालं. घरी आले तेव्हा डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, आणि उजव्या डोळ्यासमोर तेवता दिवा. भावजी निरोप देऊन आपल्या कामाला गेले होते, "दादा, कशालाही हात लावू नका."

आता ह्यांचं सांगते. पाहणीला साहेब येणार, म्हणजे ह्यांच्या दृष्टीने जुन्या कचेरीतली वार्षिक तपासणीच. हे पहाटेपासून घर लावत होते. खुर्च्या एका रेषेत. चपला एका रेषेत. मग त्यांची नजर पंपाच्या तारांवर गेली. एक लाल, एक काळी, आणि दोघी वाटेत एकमेकींना ओलांडून, फुली करून, पंपाला जोडलेल्या. फुली! दप्तरखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हे कसं सोसावं? भावजींचा घाईत केलेला गलथानपणा असणार, असं ह्यांनी मनाशी ठरवलं, तारा काढल्या, फुली सोडवली, आणि दोघींना समांतर, सरळ, सुबक लावून टाकलं. मग लांब उभे राहून बघितलं आणि हात पुसले.

तारांची अदलाबदल झाली की ही मोटर उलटी फिरते.

मी पूजेला खुर्चीवर बसले होते. मौन चालू होतं. साहेब आले, सेक्रेटरी आले, ताई कशाला आल्या ते मी विचारू शकत नव्हते. हे यजमानाच्या रुबाबात म्हणाले, "या साहेब. हा पंप. बघा कसा शिस्तीत चाललाय."

मी एका डोळ्याने नळीकडे पाहिलं. नळीत एक बुडबुडा होता. तो वर चालला होता.

मला आधी वाटलं, डोळा नवा आहे, फसतोय. मग आठवलं की नवा डोळा पट्टीखाली आहे. दिव्यातलं तेल बाटलीत परत चाललं होतं. पंप गिळलेलं ओकत होता!

मी बुडबुड्याकडे बोट दाखवलं.

"हो, बुडबुडा आहे," हे साहेबांना म्हणाले. "त्यावरूनच तेल चाललंय हे कळतं."

मी जोराने मान हलवली आणि बोट हवेत उलटं गोल फिरवलं.

"काय म्हणताहेत?" साहेबांनी विचारलं.

"मौन आहे तिचं. वेग वाढवा म्हणतेय बहुतेक." आणि ह्यांनी बटण फिरवलं.

बुडबुडे वर पळू लागले. ज्योतीने मान टाकली. मी दोन्ही हातांनी नको नको केलं. ताई म्हणाल्या, "अय्या, नमस्कार करताहेत!" सेक्रेटरी उगाच हात जोडून उभे राहिले.

लिहून दाखवायचं, असं तुम्ही म्हणाल. पण सासूबाई सांगायच्या, मौनात लिहायचं नाही, लिहिणं म्हणजे शाईने बोलणं. प्लग ओढायचा, असंही म्हणाल. प्लग कोनाड्याच्या मागे, जमिनीलगत. वाकायची बंदी. वाकून डोळा घालवू, की ओरडून मौन घालवू, की गप्प बसून दिवा? तिघांपैकी एक निवड, असं कुणीतरी कानाशी म्हणतंय असं वाटलं. आणि मला असा संताप आला म्हणता! का म्हणून निवडायचं? मी एकही देणार नाही.

मी उठले. ताठ उठले, मान खाली न घालता. फळी खांद्याशीच होती. पंपाचं झाकण उघडलं आणि नळी रुळांखालून ओढून काढली. त्याच क्षणी वरच्या बाटलीतलं तेल मोकळं होऊन खाली धावलं असतं आणि वात बुडाली असती. मी आधीच अंगठा आणि बोट यांच्यात नळी चेपून धरली होती. मग दुसऱ्या हाताच्या चिमटीने तिच्या वर धरलं, आणि खालची चिमूट नळीवरून हळूच खाली ओढली. आवळ, ढकल. ती सोडायच्या आत वरची घट्ट. मग वरची खाली, खालची वर. अंगठ्याला हे शिकवावं लागलं नाही. रोज जपाचे मणी ओढणारा अंगठा आहे तो, एक सरकवायचा आणि दुसरा धरायचा, हेच तर त्याचं काम.

ज्योत मोहरीएवढी निळी उरली होती. खोलीत कुणी हललं नाही. पंप रिकामाच, डौलाने, उलटा फिरत होता. एक थेंब पडला. मग दुसरा. वातीने तेल ओढलं, निळ्याचं पिवळं झालं, आणि ज्योत सावकाश मान वर करून उभी राहिली.

मी मनातल्या मनात पूजा संपवली. हातातली नळी न सोडता म्हणाले, "अहो, तारा कुणी हलवल्या?"

ह्यांनी त्या सरळ, सुबक तारांकडे पाहिलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या, तेवढंच.

सेक्रेटरींना आता जोर चढला. "बघितलंत साहेब! हेच मी म्हणत होतो. धोकादायक यंत्र. परवानगी नाकारा आणि ज्योत बंद करा."

साहेबांनी पंपाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं. "परवानगी नाकारतो," ते म्हणाले. "यंत्र चालवता येणार नाही."

"आणि ज्योत?"

"नोटिशीत स्वयंचलित साधन म्हटलंय. इथे साधन कुठलं? बाई आहेत."

"पण बाई काय रात्रंदिवस नळी धरून उभ्या राहणार?"

"उभी नाही," मी म्हणाले. "बसेन. अहो, तेवढी खुर्ची ओढा इकडे. रेषेत नसली तरी चालेल."

साहेब जाताना दारात थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "अर्ज मोठा करायचं वर लिहून बघतो." वर म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही. आपापलं वर ज्याचं त्याला ठाऊक.

त्या दिवशी मी बसले. ताईंनी तासभर धरलं, पण त्यांना बोलताना दोन्ही हात लागतात, म्हणून त्यांना मुक्त केलं. संध्याकाळी हे जवळ येऊन उभे राहिले. मग म्हणाले, "दे इकडे."

मी हातांकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे.

"विसरेन असं वाटतं ना तुला? हातातलं कसं विसरेन?"

मला हे आधी सुचलं नव्हतं, कबूल करते. आठवून करायचं काम ह्यांना जमत नाही, पण हातात दिलेली गोष्ट ह्यांनी जन्मात कधी सोडलेली नाही. मी चिमूट कशी धरायची ते दाखवलं. एक उठायच्या आत दुसरी बसली पाहिजे. ह्यांनी दोनदा चुकवलं, आणि मग अशी काही लय धरली, की रुळांनी लाजावं. भावजी येऊन बघून गेले. तारांची फुली पुन्हा घालून देतो म्हणाले, तर हे मान न वळवता म्हणाले, "नको. चाललंय."

पट्टी निघाली त्या सकाळी मी घरी आले आणि नव्या डोळ्याने पहिल्यांदा देवघराकडे पाहिलं. ज्योतीच्या कडा इतक्या रेखीव असतात हे मी विसरूनच गेले होते. शेजारी हे बसलेले, चष्मा नाकावर घसरलेला, ओठ हलत होते. मी वाकून विचारलं, आता वाकायची परवानगी होती, "काय म्हणताय?"

"धर, सोड. धर, सोड."

"नामही चालेल तिथे."

"हेच बसलंय तोंडात. देवाला चालेल ना?"

मी काही बोलायच्या आत दारावर टकटक झाली. सेक्रेटरी होते. हातात नवी नोटीस, खाली दोन शिक्के. 'हस्तचालित नळीद्वारे इंधन पुरवठा' असा मथळा लांबूनच दिसत होता. "घरातल्या कर्त्या माणसाची पोच हवी," ते म्हणाले. "आत्ता, सहीनिशी."

शिक्के पाहून हे लगबगीने उठतील, लेखणी शोधतील, असं मी धरून चालले होते. मी नळी घ्यायला हात पुढे केला.

ह्यांनी तो बाजूला सारला. ज्योतीवरची नजर न काढता म्हणाले, "सेक्रेटरी, सध्या माझे हात मोकळे नाहीत. दाराला चिकटवून जा. बाहेरून."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी दार लावून घेतलं. अगदी हळू लावलं, ज्योत हलू नये म्हणून.